परत घेतलेली माफी

चहाच्या पेल्यावरचं झाकण तिनं उचललं आणि उलटं ठेवता ठेवता हात तसाच राहिला — झाकणाच्या आतल्या अंगाला वाफेचा एक थेंब लोंबत होता, पडू की नको असा, आणि हिसाए तोगाशी त्याच्याकडेच बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते तिला सुचेना. शेजारी बसलेल्या येन्सचं इंग्रजी वाक्य संपलं होतं. आता कंपनीची इथली माणूस म्हणून ते तिनंच जपानीत सांगायचं होतं.

गेल्या आठवड्यात हिसाएनं इथं येऊन जी माफी मागितली ती आमच्या कंपनीची नव्हती. कंपनी ती मागे घेत आहे... एवढंच.

रागानं नव्हता म्हणाला तो. येन्सला राग येतच नाही. काल डेन्मार्कहून उतरल्या उतरल्या त्यानं बिस्किटांचा डबा तिच्या हातात ठेवला होता, मुलीचा दात पडला म्हणून फोटो दाखवला होता. सकाळी लिफ्टमध्ये म्हणाला, आज सगळं स्वच्छ बोलून टाकू. तिला वाटलं, किमतीबद्दल असेल.

माफी मागे घेतात? कशी घेतात? विसरलेली छत्री परत मागावी तशी? दाराशी उभं राहून, माफ करा, ती आमची होती...

टेबलापलीकडे औषधांच्या या घाऊक पेढीचे खरेदीप्रमुख नुकुईसान बसले होते आणि त्यांच्या शेजारी गोदामाचे ओगिता. दोघंही अदबीनं तिच्या तोंडाकडे बघत होते. वाट बघत होते. येन्सही गप्प होता, हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्यासारखा — शांतता भरून काढायची घाई करायची नाही, हे मीच शिकवलं होतं त्याला. ओळखीचं कार्ड देताना कसं धरायचं, दारापासून लांबच्या खुर्चीवर कोण बसतं, सगळं मी. पण हे, माफी मागताना वाकणं म्हणजे काय ते, शिकवायचं राहून गेलं. श्वास कसा घ्यायचा ते कुणी शिकवतं का?

गेल्या आठवड्यात एका दुपारी तोयामा प्रांतभरच्या औषधांच्या दुकानांत, येन्सच्या कंपनीनं या पेढीला दिलेल्या साठा-नोंदीच्या संगणकप्रणालीच्या पडद्यावर, इन्सुलिनचा साठा शून्य दिसू लागला आणि मागण्या संध्याकाळपर्यंत अडकून पडल्या. दुसऱ्या सकाळी ती मिठाईची पेटी घेऊन याच खोलीत आली आणि वाकली. खूप खाली, सतरंजीचे धागे सुटे दिसावेत इतकी. चूक कुणाची, हे तिनं विचारलं नव्हतं. ते आधी विचारायचंच नसतं. आधी वाकायचं, मग समोरचा म्हणतो, छे छे, आमच्याकडूनही काही राहिलं असेल, मग दोघं मिळून कारण शोधतात. तसंच झालं होतं. ओगितानं तेवढा एक टोमणा मारला — "परदेशी माल, बाई. इथला भात पचायला वेळ लागणारच" — आणि सगळे हसले, आणि ती घरी जाऊन शांत झोपली.

आणि मग येन्सच्या माणसांना कारण सापडलं. माल मोजताना साठ्याचे आकडे गोठवून ठेवतात. मोजणी संपल्यावर ते मोकळे करायला गोदामातलंच कुणीतरी विसरलं होतं, म्हणून पडद्यावर शून्य. आमच्या प्रणालीत दोष नाहीच. मग माफी कशी राहू द्यायची? उद्या दुसरी पेढी म्हणेल, तुम्हीच तर कबूल केलंत. येन्सचंही चुकत नव्हतं... जपानातलं हे त्यांचं पहिलं दार. ते बंद झालं तर ही कंपनी इथून गेली, आणि तिच्याबरोबर मीही. आणि नुकुईसान? येत्या वसंतात निवृत्त होणारा हा माणूस टेबलाटेबलाशी जाऊन, एकेकाला चहा पाजून, या परदेश्यांसाठी 'हो' मिळवत फिरला होता. त्याच्यासमोर आता हे वाक्य ठेवायचं.

लहानपणी मावशी देवळात निरूपणाला न्यायची. नोतोकडचे एक बुवा यायचे. कथा सांगता सांगता ते गाऊ लागत, सूर चढत चढत जाई, आणि नेमका गळा दाटून येण्याच्या जागी ते थांबत. एक क्षण काहीच नसे. मग म्हाताऱ्यांच्या रांगांतून अमिदा बुद्धाचं नाव आपोआप उठे — नामू अमिदा बुत्सु — जमिनीतून पाणी वर यावं तसं. मावशी कोपरानं ढोसून म्हणायची, "ते थांबले ना, की आपली पाळी."

आता माझी पाळी. आणि आतून काहीच उठत नाही.

काहीतरी दुसरंच सांगता येईल. येन्ससान म्हणतात, यापुढे आम्ही अधिक दक्ष राहू. आजवर असंच करत आले मी, कडा घासून, गोल करून...

"तोगाशीबाई," नुकुईसान म्हणाले, "घाई नाही. चहा घ्या आधी. वाक्य जड दिसतंय."

त्यांना इंग्रजी कळलं होतं. सगळं. पण त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, म्हणून तिनं पुन्हा नीट पाहिलं. धक्का खरंच नव्हता.

"आकडे मोकळे करायचं आमच्याकडूनच राहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "त्याच संध्याकाळी कळलं आम्हाला. तुम्ही यायच्या आधी. तुम्ही वाकलात आणि आमचा माणूस वाचला." ओगिता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "आता यांच्या वाक्याचं काय ते तुम्हीच ठरवा. तुम्ही सांगाल तेच आम्ही ऐकलं असं होईल."

म्हणजे माहीत होतं. मी सतरंजीचे धागे बघत होते तेव्हा या दोघांना माहीत होतं, आणि त्यांनी मला वाकू दिलं. एकानं माझ्या वाकण्याआड आपला माणूस झाकला. इकडे येन्स म्हणतो, ते आमचं नव्हतंच. मग होतं कुणाचं?... तिनं स्वतःत राग शोधला. तिथे राग नव्हता, तिथे ती सकाळ होती. आणि त्या सकाळी, मान खाली असताना, तिच्या मनात दुकानाच्या फळीपुढे ताटकळलेलं एकही माणूस नव्हतं, अडकलेली एकही मागणी नव्हती. मनात एवढंच होतं की किती छान वाकते आहे मी. कंबर किती सरळ. येन्सनं बघायला हवं होतं.

"सांगितलंस का?" येन्सनं विचारलं.

"सांगते."

तिनं झाकण खाली ठेवलं आणि येन्सचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. एकही कड न घासता. एवढं उघडंवाघडं जपानी तिनं या खोलीत कधी उच्चारलं नव्हतं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

नुकुईसाननी डोळे मिटले. येन्सनं सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्याकडे बघून मान डोलावली. जमलं, असं.

आणि ती बसून राहिली, पाठ ताठ. आतून काहीतरी वर येऊ लागलं होतं, तिच्या ओळखीचं नसलेलं. कुणाचीतरी माफी मागावी. खरीखुरी. पण ती कुणाची हे तिला समजेना, आणि तशी माफी मागायला नेमकं कसं वाकतात, तेही आठवेना.