लाजेपुरती आच

"मान लाजली, सोड गं पोरी, मान पेटली, गेली बिचारी."

बाबांचं हे गुणगुणणं आमच्या गोठ्यामागच्या खोलीत अजून कुठेतरी अडकून राहिलंय, असं मला वाटतं. लढाईवरून येताना त्यांनी जपानी रायफल आणली. तिची काडतुसं मात्र आमच्या मोंटानात कधी धड मिळाली नाहीत. मग ते दुसऱ्या, लांब काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसत. थाळीतल्या पाण्यात बूड बुडवून पुंगळी उभी करायची, मानेवर गॅसची ज्योत धरायची, पितळ लाजून जरासं लाल झालं की टिचकीसरशी आडवी. मऊ झालेली मान मग साच्यात दाबायची, वर उरलेलं तोंड कापायचं.

बाबा गेले, रायफल थोराकडे आली. माझी थोरली बहीण. दर वर्षी एल्क हरणांच्या शिकारीला आम्ही दोघी कड्यावर जातो. ती ही रायफल घेऊन पुढे, मी माझी घेऊन मागे. या शनिवारी शिकार सुरू होणार, आणि घरात तिच्या रायफलीचं एकही काडतूस नाही. सोमवारपासून आम्ही पुंगळ्याच जाळतोय.

"पडदा ओढ," थोरा म्हणाली.

"ओढलाय."

"मग उजेड कुठून येतोय?"

"देवाकडून. दुपार आहे, थोरा."

"शहाणपणा नको. उजेडात लाली कळत नाही. ते घोंगडं टाक खिडकीवर."

मी घोंगडं टाकलं. मग दाराखालची फट तिला सलायला लागली, म्हणून तिथे गोठ्यातला टॉवेल कोंबला. आता त्या खोलीत माझाच मला हात दिसेना. थोराने ज्योत लावली. पितळ लाजलं. अगदी हळू, गालावर पहिलं ऊन यावं तसं. मी वाट बघत राहिले. लाजेचा संताप झाला, संतापाचं पिकलेलं जर्दाळू झालं, तेव्हा कुठे थोराने पुंगळी आडवी केली.

साच्यात घातल्यावर पुंगळीचा मानेखालचा खांदा ओल्या कागदासारखा चुरगळला.

"शेजारच्या लुडविगने भंगार दिलंय," थोरा म्हणाली.

"त्याच पोत्यातल्या पुंगळ्या लुडविग स्वतः वापरतो."

"मग गॅस वाईट आहे."

"काल साचा वाईट होता. परवा मी दारात उभी होते म्हणून वारा लागत होता."

"होतीसच उभी. भिंतीसारखी."

"थोरा, माझी रायफल घे ना. तिची काडतुसं गावात मिळतात. मी या वर्षी नुसती दुर्बीण घेऊन येते."

"बाबांची रायफल कड्यावर जाणार नसेल तर मीही जाणार नाही."

"मग मी 'आता' म्हणते, तेव्हा तू आडवी कर."

"मला काय डोळे नाहीत?"

हे ती इतकं तिखट बोलली की मी निमूट पुढची पुंगळी तिच्या हातात दिली. तीही जळली. तिच्या पुढचीही. पायाखाली चुरगळलेलं पितळ करकरत होतं, टॉवेलच्या वासाने डोकं उठलं होतं, आणि थोरा मला विचारत होती की घोंगडं आणखी एक आहे का.

माझा संयम सुटला. उठले आणि होतं ते घोंगडंच ओढून काढलं. ऊन सरळ थाळीत येऊन पडलं.

"सरक," मी म्हणाले.

"मॅरिट, तुला जमायचं नाही."

"सरक म्हणते ना."

ज्योत घेतली. भर उन्हातसुद्धा, हात आडोशाला धरला की लाली दिसत होती. फिकी, पण दिसत होती. आडवी केली. चुर्र झालं. साच्यात घालून दांडा दाबला, तर खांदा लोण्यात बोट जावं तसा बसला. मी ती पुंगळी थोराच्या हातात दिली. तिने पाहिली नाही. अंगठा फिरवला, खांद्यावरून मानेपर्यंत, मानेवरून परत खांद्यावर.

"चांगली झालीये," ती म्हणाली.

"उजेडात झालीये. तीन दिवस मला आंधळ्या कोशिंबिरीला बसवलंस तू. का? माझ्याकडे बघून सांग."

"बघतेच आहे."

"नाही बघत. माझ्या खांद्यापलीकडे बघतेस."

थोराने ज्योत बंद केली.

"तिरकं बघितलं तरच तू थोडी सापडतेस," ती म्हणाली. "नजरेच्या मधोमध काही उरलं नाही गं. तुझे कान दिसतात. चेहरा उन्हाळ्यापासून दिसलेला नाही. शनिवारी बाबांची रायफल तू घे, मॅरिट."