जांभळा चेहरा, हिरवे ओठ

मेकअपच्या परीक्षेला विद्यार्थ्याने चेहरा बरोबर आणायचा असतो. मेहुणीच्या मुलीने तो आमच्या घरातून नेला. माझा नाही, बायकोचा. मला तिने एकदा नीट न्याहाळलं आणि पेटी उचलायला सांगितलं.

गेल्या खेपेला ती नापास झाली होती. आता पुन्हा झाली तर नाव कमी, आणि एका नाट्यगृहाच्या रंगपटात कबूल झालेली नोकरीही गेली. हे तिने वाटेत, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगितलं.

"काका, तोंड कशाला पाडताय? मी पास होणार आहे."

तोंड काळजीने पडलं नव्हतं. पेटी जड होती.

विषय होता मूकपटाच्या काळातली नायिका. हॉलभर बारीक भुवया, लालभडक ओठ आणि गुलाबी गाल उगवू लागले. आमच्या टेबलावर मात्र हिला आरशाकडे पाठ करून बसवलं होतं. भाचीने हिच्या भुवया चिकटवून झाकल्या, सबंध चेहऱ्याला फिकट जांभळा रंग फासला आणि ओठ हिरवे केले.

"कशी दिसतेय हो मी?" हिने मला विचारलं.

"वेगळी," मी म्हणालो.

इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला एवढा इशारा पुरतो. हिने गर्रकन मान वळवून आरशात पाहिलं.

"अगं कार्टे! वांगं केलंस माझं! देठासकट!"

"मावशी, ओठ हलवू नकोस. देठ पसरतोय."

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. चष्मा कपाळावर, चष्मा डोळ्यांवर, असं दोनदा करून झाल्यावर म्हणाल्या, "भुतांचा पेपर पुढच्या वर्षाला असतो."

"बाई, तेव्हाच्या फिल्मला लाल काळा दिसायचा आणि निळा पांढरा," भाची म्हणाली. आवाजात विनवणी नव्हती, बाईंचा अभ्यास राहून गेल्याबद्दल समजूत घालणं होतं. "म्हणून नट्या असले रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायच्या. मूकपटातली नायिका आपण पडद्यावरच पाहिलीय ना? मग तिथेच बघा. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर हा पारदर्शक निळा कागद धरा आणि फोटो काळा-पांढरा काढा."

बाईंनी फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. मीही मान लांब केली. नितळ चेहरा, रेखीव ओठ, आणि डोळे असे, की या बाईने माझ्याशी का बरं लग्न केलं असेल असा प्रश्न मलाच पडला. बाईंनी कागदासकट फोन शेजारच्या टेबलाकडे वळवला. तिथल्या नायिकेने कोळसा खाल्ला होता आणि तिचे गाल बसले होते. हॉलमध्ये एकदम कापूस आणि क्रीमचे डबे शोधायची धांदल उडाली.

"पण कान?" बाई म्हणाल्या.

कान आणि गळा राहूनच गेले होते. फोटोत ते काळपट पडले होते. कुणाचा तरी धुतलेला चेहरा चुकून दुसऱ्याच्या मानेवर ठेवल्यासारखं दिसत होतं. भाचीने आवाज खाली आणून विचारलं. आमच्या माहितीत पहिल्यांदाच.

"वेळ उरलाय?"

"अगदी थोडा."

"पुरे."

तिने ब्रश बाजूला ठेवला आणि सरळ हातानेच रंग लावायला घेतला. गळा, कानाच्या पाळ्या, कानांमागेसुद्धा.

"गुदगुल्या होतात गं!"

"सोस. नायिका आहेस."

बाईंनी दुसरा फोटो काढला. या वेळी तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यातून पाहिला. मग पेन उघडलं.

"कान आधी सुचायला हवे होते. त्याचे मार्क जाणार."

"कापा की बाई. ते कापूनही पास होतेय मी."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मान खाली घालून बेरीज सुरू केली. भाचीने हात पुसले, नाट्यगृहाला फोन लावला.

"हो, झाले पास. सोमवारी येतेय."

बाई अजून हातचा धरत होत्या.