दाराशी उभा असलेला मलीत

सकाळपासून दहा मुलं समोर येऊन बसली आणि दहाच्या दहा जणांनी तोंडाला कुलूप लावलेलं. मी इंग्रजीत विचारायचं, नाव काय, गाव कुठलं, सुट्टीत काय केलंस, की समोरचा मान खाली घालणार. फार तर 'येस मिस', 'नो मिस'. दोन मिनिटं थांबायचं आणि शून्य लिहायचं, असा विद्यापीठाचा नियम. दहा शून्यं लिहून माझं डोकं फिरलं होतं.

"शाळेत ह्यांनी बारा वर्षं काय गवत उपटलं का?" मी विजेकोन सरांना म्हटलं. सर माझ्यासोबतचे दुसरे परीक्षक. निवृत्तीला चार महिने राहिलेले, त्यामुळे त्यांना कशाचाच राग येत नाही. कोऱ्या चहाबरोबर गुळाचा खडा चघळत बसले होते.

"चहा घे, इनोका," ते म्हणाले. "गेल्या वर्षीही असंच होतं. त्याच्या आदल्या वर्षीही."

मला हेच खपत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाला आल्या आल्या इंग्रजीची परीक्षा होते, लेखी आणि तोंडी. तोंडीत वीसपैकी दहा मिळाले तर इंग्रजी माध्यमातलं अर्थशास्त्र घेता येतं, नाहीतर नाही. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा देता येते, पदवीसाठी द्यावीच लागते, पण विषय ह्याच आठवड्यात ठरतात. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. हे सगळं माहीत असून गप्प बसायचं म्हणजे काय?

अकरावी बिनारी आली. दोन घट्ट वेण्या, घोट्यापर्यंत झगा, पायात रबरी चपला. सीनियर मुलं पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींना तीन महिने असंच राहायला लावतात. तोंडी दोघादोघांची घेतो आम्ही, पण हिचा जोडीदार डेंग्यूने इस्पितळात, म्हणून ही एकटीच.

हिचा नंबर बघून मी खुर्चीत सरसावून बसले. लेखीत एक्क्याण्णव. हिचा निबंध मीच तपासला होता. सीगिरियाच्या प्रसिद्ध कड्याच्या पायथ्याशी ह्यांच्या घरातच दोन खोल्या पर्यटक पाहुण्यांसाठी. आई भात-करी रांधणार आणि ही सात वर्षांची असल्यापासून पाहुण्यांशी बोलणार. 'डेन्मार्कच्या एका आजोबांनी मला शिकवलं की मोठ्या माणसाला तुमचं पटत नाही हे कसं सांगायचं.' वाचताना मी एकटीच हसले होते. शेवटी लिहिलेलं, मला अर्थशास्त्र शिकायचंय, कारण शेजारचं मोठं हॉटेल आमचे पाहुणे कसे पळवतं ते मला समजून घ्यायचंय.

"त्या डेन्मार्कच्या आजोबांबद्दल सांग," मी इंग्रजीत म्हटलं.

बिनारी टेबलाकडे बघत राहिली.

"बरं, तुझ्या आईच्या पाहुण्यांबद्दल सांग."

काही नाही. मग माझा तोल सुटला आणि मी सिंहलीत सुरू झाले. "लेखी कोणी लिहून दिलं तुला? आम्ही काय इथे माश्या मारायला बसलोय? एक शब्द निघत नाही तोंडातून, आणि म्हणे अर्थशास्त्र शिकायचंय."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं.

दारात मलीत उभा होता. दुसऱ्या वर्षाचा, विद्यार्थी संघटनेचा. ऑफिसचे लोक संपावर, म्हणून नावं पुकारायचं काम आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेलं. आणि तोंडीच्या वेळी दार उघडं ठेवायचं, हा आमच्या शाखेचा जुना दंडक. हातात यादी, कानाला पेन, आणि आतला एकेक शब्द त्याला ऐकू जात होता.

मी ह्याच विद्यापीठात शिकले. पहिल्या वर्षाने सीनियरांसमोर इंग्रजी बोलायचं नाही, बोलला तो शहरी शहाणा, त्याच्याशी चार वर्षं कोणी बोलायचं नाही, त्याच्या ताटाशेजारी कोणी बसायचं नाही, सीनियर परीक्षेआधी शिकवतात त्या शिकवणीत त्याला जागा नाही. हे मला पाठ होतं. दुसऱ्या वर्षाला असताना मी स्वतः एका मुलीला जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं. आणि तरी हे लक्षात यायला मला अकरा मुलं लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मलीत, आत ये," मी म्हटलं. "यादी ठेव तिकडे. यादीत शेवटचं नाव कोणाचं आहे?"

"माझंच, मिस. मागच्या वर्षी माझी तोंडी राहिली होती."

"मग बस. हिला जोडीदार नाही, तुलाही नाही. दोघांची एकत्र घेते."

"इनोका," विजेकोन सर हळूच म्हणाले. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मलीत बसला. बाहेर व्हरांड्यात पहिल्या वर्षाची वीसेक मुलं दाराशी गोळा झाली. होऊ देत, म्हटलं. मी त्याला इंग्रजीत विचारलं, तुझ्या मते विद्यापीठात इंग्रजी का नको, जरा समजावून सांग. खणखणीत आवाजात, बाहेरपर्यंत जाईल असं विचारलं.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कानाला लावलेलं पेन काढून हातात घेतलं. मी प्रश्न पुन्हा विचारला, आणखी सावकाश, लहान पोराला विचारावा तसा. बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. मलीतच्या कपाळावर घाम आला होता. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

"मिस, मला येत नाही," तो सिंहलीत, अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"दोन मिनिटं आहेत तुझ्याकडे," मी म्हटलं.

आणि तेव्हा बिनारी बोलली. इंग्रजीत. माझ्याशी नाही, त्याच्याशी. "मलीत अय्या, तुमचं गाव कुठे?" थोरल्या भावाला म्हणतात ते अय्या तेवढं आमचं, बाकी सगळं स्वच्छ, सोपं इंग्रजी. वाट चुकून आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावं आणि मग चौकशी करावी तशी ती त्याला विचारत होती. गावात नदी आहे का? पोहता येतं का? कोणी शिकवलं? तो आधी एक शब्द बोलला, मग दोन. मग म्हणाला, माझे वडील मासे पकडतात, पहाटे समुद्रात जातात, मी भीत असे. व्याकरण मोडकं होतं, पण तो बोलत होता. मधे एकदा ती म्हणाली, "मला नाही पटत, अय्या, समुद्रापेक्षा हत्ती जास्त भीतीदायक असतात," आणि तो चक्क हसला.

व्हरांड्यात आता कोणी हसत नव्हतं.

बारा मिनिटांनी मी थांबवलं. बिनारीला एकोणीस, मलीतला दहा. सरांनी माझ्या सहीशेजारी सही केली. मलीत उठला, यादी न घेताच निघून गेला.

"शाब्बास," मी बिनारीला म्हटलं. मला वाटत होतं मी काहीतरी जिंकले. "आता कोणी तुझं तोंड बंद करायला येणार नाही."

ती उभी राहिली. झगा नीट केला.

"मिस, तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर तसं बसवायला नको होतं," ती सिंहलीत म्हणाली. "संध्याकाळी त्यांनाही होस्टेलवरच जायचंय आणि मलाही. तुम्ही चार वाजता घरी जाल."

"अगं, पण तू बोलावंस म्हणूनच केलं ना मी?"

"दार लावलं असतंत तर मी तेव्हाच बोलले असते."

एवढं म्हणून ती गेली. मी सरांकडे बघितलं. ते कपातला चहा बघत होते. अठरा वर्षं मी ह्या खोलीत तोंडी घेतेय. दार माझ्यापासून सात पावलांवर आहे.

मी उठले, व्हरांड्यातल्या पोरांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मलीतची यादी उचलली. सकाळची दहा शून्यं एकेक करून खोडली. मग यादीतली पहिली दोन नावं स्वतः पुकारली, आणि ती दोघं आत आल्यावर दार लावून घेतलं.