शेकलेलं बी आणि हिरव्या ओळी

सोमवारी सकाळी अकरा वाजता नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर संगणकापुढे नारळ फुटला. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या ओळी एकाखाली एक उमटत गेल्या. तालुक्यातालुक्यातून आलेल्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी पडद्याला हात जोडले.

पडद्याशेजारी हे चाचणीचं यंत्र बनवणारे राधेश्याम सर उभे होते. कपाळी गंध, खांद्यावर उपरणं, काखेत लॅपटॉप. "कोड लिहिणारा माणूस चुकतो, तपासणाराही चुकतो," ते सांगत होते. "म्हणून मी मधला माणूसच काढला. हे यंत्र दोन सॉफ्टवेअरांच्या कुंडल्या जुळवतं. चाचणी स्वतः रचतं, स्वतः घेतं. छत्तीस गुण जुळले की हिरवं."

काम असं होतं. दुकानदार मोबाइलवर बियाण्याची मागणी नोंदवणार, ती गोदामाच्या सॉफ्टवेअरकडे जाणार, तिथून ट्रकवाल्याच्या. तिन्ही सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली. ती एकमेकांशी नीट बोलतात का, हे पेरणीआधी तपासायला हवं होतं. कंपनीची चाचणी अभियंता शीतल हिने त्यासाठी महिना मागितला होता. राधेश्यामांच्या यंत्राने सगळ्या चाचण्या एका दुपारी तयार केल्या. त्या पार पडल्याच्या दाखल्यावर सही मात्र शीतलचीच लागणार होती.

तिने ती केली नाही. मालक अण्णासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. राधेश्याम आधीच खुर्चीत होते.

"सगळं हिरवं हाये, पोरी. कायची वाट पाहून राह्यली?"

"लाल कधी होतं ते पाहायचंय, काका."

"यंत्राला संशय चालत नाही," राधेश्याम म्हणाले.

अण्णासाहेबांनी चहा मागवला. शीतलचे वडील बद्रीनाथ गोदाम सांभाळतात, मस्तगडातलं त्यांचं घर कंपनीने दिलेलं आहे, याची त्यांनी मायेने आठवण करून दिली. धमकी दिली नाही. गरज नव्हती. फोनवरून तोंडी मागणी घेणं त्यांनी सकाळपासूनच बंद करून सगळं मोबाइलच्या सॉफ्टवेअरवर टाकलं होतं. भलताच वाण शेतात गेला तर त्या शेतकऱ्याचा हंगाम गेला, आणि दाखल्यावर नाव एकट्या शीतलचं.

अण्णासाहेबांची एक सवय साऱ्या कंपनीला ठाऊक होती. उगवण तपासायला बी प्रयोगशाळेत पाठवताना ते एका नमुन्यात स्वतः शेकलेले दाणे मिसळत. रंग बदलू न देता, मंद आचेवर. शेकलेलं बी उगवत नाही. तो नमुनाही पूर्ण उगवला असं ज्याने कळवलं, त्याने बी उगवायला गुंडाळलेलं ओलं फडकं उघडलंच नव्हतं. असे दोघे नोकरी गमावून घरी बसले होते.

"काका, तुम्ही बी शेकून देता," शीतल म्हणाली. "मीपण एक दाणा शेकते. गोदामाची जोडणी तोडते. मंग यंत्र काय म्हणतं ते पाहू."

मुहूर्त टळून गेला, आता पुन्हा चाचणी नको, असं राधेश्यामांनी सांगितलं. अण्णासाहेब म्हणाले, "तोड."

शीतलने केबिनमधल्या संगणकावरून गोदामाची जोडणी तोडली आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. हिरव्या. ट्रकवाल्याची तोडली. हिरव्याच. शेवटी तिने नेटची वायर उपटून टेबलावर ठेवली आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. पडद्यावर ओळ आली: गोदामाने मागणी स्वीकारली.

"कोनं स्वीकारली?" अण्णासाहेबांनी विचारलं.

कोणीच नाही. यंत्र प्रत्येक जोडणीसाठी चाचणीचा एक सांगाडा उभा करायचं. त्यात एक नकली गोदाम, एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. नकली गोदाम पढवलेलं उत्तर द्यायचं, चाचणी ते त्याच पढवलेल्या उत्तराशी ताडून पाहायची. खऱ्या गोदामापर्यंत काहीच जात नव्हतं. सांगाडा वाईट नसतो, शीतलने समजावलं. त्यामुळे कंटाळवाण्या लिखाणाचे कष्ट वाचतात. पण त्यात कामाचे प्रश्न माणसाने भरायचे असतात, आणि ते खऱ्या गोदामालाही विचारायचे असतात. ते काम राधेश्यामांनी गाळलं होतं.

"नवरीची कुंडली नवरीशीच जुळवली, सर. छत्तीस गुण जुळणारच."

श्रद्धा नसेल तिथे आपण थांबत नाही, असं म्हणून राधेश्याम जेवायला गेले.

अण्णासाहेबांनी टेबलावरची वायर उचलून हातात घेतली. "समजलं मला," ते म्हणाले. "पण एवढे लोक आल्ते. नारळ फोडला, फोन बंद केले. आता त्यांना काय सांगू?"

"हेच सांगा. जी चाचणी कधी नापास करतच न्हाई, तिनं पास केल्याला अर्थ न्हाई. आणि फोन चालू करा."

त्यांनी दाखला तिच्यापुढे सरकवला. "तू सही कर. पुढचं मी पाहतो."

कोणत्याही चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एक साधी गोष्ट करता येते: वायर काढून पाहायची. हिरवं तरीही हिरवंच राहिलं, तर तो रंग आपल्याला काहीच सांगत नव्हता. हे कळायला संगणक शिकावा लागत नाही. अण्णासाहेबांना ते तव्यावरच्या दाण्यांनी केव्हाच शिकवलं होतं.

वायर आणि दोन्ही जोडण्या शीतलने पूर्ववत केल्यावर दुपारी चारला घनसावंगीचे दुकानदार कल्याण यांनी मोबाइलवरून पहिली मागणी टाकली. 'मागणी पोचली,' त्यांना हिरव्या अक्षरांत दिसलं. कल्याण यांनी ते कळवताच शीतलने केबिनमधूनच वडिलांना फोन लावला.

"न्हाई गं, इथं काईच आलं न्हाई," बद्रीनाथ म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तू सही केली का?"

सायंकाळी सहापर्यंत फोनवरची मागणी सुरू झालेली नव्हती. दाखला अजून सहीविना टेबलावर होता. केबिनचं दार बंद होतं आणि शीतल आत होती.