बाराशे पानांत नसलेला तास

लस बनवायचा परवाना आमच्या कारखान्याला मिळाला, तेव्हा त्यासोबत बाराशे पानांचं बाड आलं आणि गोठवलेल्या पेशींच्या तीन कुप्या. मूळ कंपनी समुद्रापलीकडची. त्या पेशी टाकीतल्या रसात वाढवायच्या आणि त्यांच्याकडून लस करून घ्यायची, एवढंच काम. बाड मी तीनदा वाचलं. टाकीच्या झाकणाचे स्क्रू किती घट्ट असावेत, हेसुद्धा त्यात होतं. मला वाटलं, आता पोरखेळ आहे.

पहिल्या कुपीतल्या पेशी टाकीत सोडल्या आणि दोन दिवसांत मेल्या. दुसरीचंही तेच झालं.

तिसरीही गेली तर परवाना परत, असा करार होता. मग लस पलीकडूनच यायची, तीही त्यांचं भागल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी. माझी धाकटी बहीण नर्स. साथीच्या वॉर्डात रोज जायची. तिच्याबरोबरच्या दोघी गेल्या होत्या. फोनवर ती एवढंच विचारायची, "ताई, तुमचं कुठवर आलंय?" मी म्हणायचे, "होतंय." मला भयंकर भीती वाटायची, आणि ती लपवायला मी दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसायचे.

साहेबांनी पलीकडच्यांच्या हातापाया पडून एक तासाचा कॉल मिळवला. पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, तीस वर्षं त्याच टाकीवर काम केलेल्या. शेजारी कंपनीचा वकील. मधे दुभाषा. वकिलाने सुरुवातीलाच बजावलं, "कागदात आहे तेवढंच बोलायचं. बाकी कंपनीची मालमत्ता."

साहेब विचारत गेले आणि बाई पानांचे नंबर सांगत गेल्या. चाळीस मिनिटं हेच चाललं. माझं डोकं फिरलं.

"बाई, जाऊ द्या ते," मी म्हणाले. "तुमचा दिवस कसा जातो, ते तरी सांगा."

साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. वकिलाने मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"सातला येतो," बाई म्हणाल्या. "रस भरतो. ढवळत ढवळत कोमट करतो. मग ढवळणी बंद करून सगळे जेवायला जातो. अंगावरचे ते झगे उतरवा, जेवा, परत चढवा, यात तास जातो. आल्यावर पेशी सोडतो." मग त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "आम्ही सावकाश जेवतो. जेवणात घाई केलेली मला खपत नाही."

वकिलाला जेवणात काही मालमत्ता दिसली नाही.

मला मात्र त्यात तो एक तास दिसला. आमच्याकडे साथ सुरू झाल्यापासून कुणी जेवायलाच जात नव्हतं. एक मिनिट फुकट जाऊ नये अशा पाळ्या मीच लावल्या होत्या, आणि त्याचा मला केवढा तोरा. रस कोमट झाला की पुढच्या मिनिटाला पेशी आत. ढवळलेल्या रसात बारीक बुडबुडे असतात, ते फुटताना पेशींना फाडतात. पलीकडे माणसं जेवत होती तेवढ्यात ते विरत होते. तीस वर्षं, रोज. कुणी लिहिलं नाही, कारण जेवायला जाणं हे काम आहे असं कुणाला वाटणार?

"एवढ्यावर शेवटची कुपी लावायची?" कॉल संपल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले.

"दुसरं काय आहे आपल्याकडे?"

दुसऱ्या दिवशी मी ढवळणी बंद केली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. सगळे भराभर घास कोंबू लागले. "सावकाश," मी दटावलं. तास झाल्यावर परत जाऊन पेशी सोडल्या.

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी जिवंत होत्या. गोल, चकचकीत, नजर जाईल तिथपर्यंत. एक पेशी मधोमध आवळत गेली आणि बघता बघता एकीच्या दोन झाल्या. हे काम मी वीस वर्षं करते आहे, पण त्या दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले. किती नाजूक जीव, आणि तो तगला कशावर, तर कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीवर.

बहिणीच्या वॉर्डात आमची लस दोन महिन्यांनी पोचली. तो तास बाडात घाला म्हणून मी पलीकडे लिहिलं. उत्तर आलं, करारातलं एक अक्षरही बदलता येणार नाही.

मग आणखी एका देशातल्या कारखान्याला परवाना मिळाला. त्यांना शिकवायचं काम आमच्याकडे आलं. या वेळी पडद्यावर मी होते आणि कंपनीचा वकील माझ्या शेजारी. त्याने तेच वाक्य बजावलं. समोरच्या माणसाचे डोळे तारवटलेले होते. दोन कुप्या गेल्या म्हणाला, एकच उरली आहे.

"ते पान नंबर वगैरे नंतर बघू," मी म्हणाले. "आधी सांगा, जेवायला कधी जाता?"