फेलिसाबाईंचा आवाज

फिल्म क्लबच्या आनिबालसाहेबांना मिर्ता नाही म्हणू शकली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एक रहस्यपट क्लब पुन्हा दाखवणार होता, आणि त्यात कोणाला कसं रंगवलंय ते खेळाआधी तिने सांगायचं होतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? अशा सिनेमांत ब्युनोस आयर्समधला कोणी बडा माणूस मेला की खुनी उत्तरेकडची सावळी मोलकरीणच निघणार, हे तिकीट काढतानाच कळायचं. खेड्यांतून कामाला आलेल्यांची शहराने तेव्हा धास्ती घेतली होती आणि सिनेमावाल्यांनी त्या धास्तीवर गल्ले भरले. मिर्ताने सगळं सडेतोड लिहून काढलं. पण घरी वाचून दाखवायची तिची छाती होईना, कारण या सिनेमातली मोलकरीण म्हणजे तिची आई होती.

फेलिसाबाईंनी आयुष्यात केलेली ती एकच भूमिका. डोळे गेल्यापासून तर त्या उठता-बसता म्हणायच्या, "तो सिनेमा पुन्हा लागू दे. दिसलं नाही तर नाही गं, माझा आवाज तर ऐकू येईल!"

खेळाच्या आदल्या दुपारी मिर्ता आईला क्लबात घेऊन गेली. लिहिलेलं तिथेच वाचून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. आनिबालसाहेब सिनेमाच्या यंत्रापाशीच होते.

"बाई, रिळांच्या डब्यात एक जास्तीचा तुकडा निघालाय," ते फेलिसाबाईंना म्हणाले. "कबुलीचा प्रसंग. चित्रीकरणाच्या वेळचा मूळ आवाज आहे त्यावर."

पडद्यावर एकोणीस वर्षांची फेलिसा उभी राहिली. "व्हय, म्याच मारलं सायबाला. लई सोसलं म्या."

फेलिसाबाईंना हसू फुटलं. "अगं, ही कोण पोर? आमच्या उत्तरेतल्या सांतियागोकडची वाटते. कसलं गावंढळ बोलते! हिला सिनेमात घेतलं कोणी?"

मिर्ता आईच्या कानाशी वाकली. "आई, ती तूच आहेस."

फेलिसाबाईंचं हसू विरलं. मग हळूच म्हणाल्या, "सिनेमावाल्यांनी नंतर माझ्या तोंडी शहरातल्या एका नटीचा आवाज घातला. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही, थिएटरात बसल्यावर कळलं. बाहेर आल्यावर शेजारणी म्हणाल्या, फेलिसा, काय गोड बोलतेस गं! मग मी रोज जाऊन बसायचे. तिच्यासारखं बोलायला शिकले. तू झालीस तोवर मलाही तो आवाज माझाच वाटायला लागला होता."

म्हणजे अंगाई त्या नटीच्या आवाजात, रागावणं त्या नटीच्या आवाजात. जन्मात आपण आईचा आवाज ऐकलाच नाही, या विचाराने मिर्ताला रडू आवरेना. हातातल्या कागदांत याचा एक शब्द नव्हता.

"आई, तुझ्या आवाजात बोल ना एकदा. काहीही बोल."

"काय बोलू?" फेलिसाबाई म्हणाल्या, अगदी शुद्ध, शहरी. पुन्हा तोंड उघडलं. "नाही येत गं आता."

त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "साहेब, लावा तो तुकडा परत. तिचं शिकले, तसं हिचंही शिकेन."

तुकडा फिरू लागला. त्या आवाजातलं दुसरं एकही वाक्य जगात शिल्लक नव्हतं. म्हातारी मान पुढे करून ऐकत राहिली, मग अडखळत पुटपुटली.

"व्हय... म्याच मारलं सायबाला."

तिने मिर्ताचा हात चाचपला. "आता माझ्यासारखं येतंय का गं?"