मागच्या वर्षीचा चेंडू

गाडी सुरू करायच्या आधी फर्गलने मला तिसऱ्यांदा विचारलं, तू आज घरीच का थांबत नाहीस? मी पट्टा लावला, अंपायरचा पांढरा कोट मांडीवर ठेवला आणि म्हटलं, गाडी चालव.

आमच्याकडे हर्लिंगचा, म्हणजे काठीने चेंडू हाणायच्या आमच्या मैदानी खेळाचा, रेफरी आपले चार अंपायर स्वतःच घेऊन जातो. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी. फर्गल माझा धाकटा भाऊ, आणि अकरा वर्षं त्याच्या मॅचला मी गोलाच्या उजव्या खांबापाशी उभी राहते. चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीच्या वरून गेला की पांढरा झेंडा, एक पॉइंट. दांडीखालून जाळ्यात गेला की हिरवा झेंडा, गोल, म्हणजे तीन पॉइंट. बाहेर गेला की डोक्यावर हातांची फुली. गाढवालाही जमेल असं काम. मागच्या वर्षी मला ते जमलं नाही.

सेमीफायनल होती. शेवटचं मिनिट, किलकॉरन गावाचा संघ एका पॉइंटने मागे. त्यांच्या कोलमन हायन्सने लांबून काठी घुमवली तेव्हा माझ्या पुढ्यात दोन गडी एकमेकांच्या जर्स्या ओढत होते आणि मी त्यांच्यावर खेकसत होते. मान वर केली तोवर चेंडू मागच्या झुडपांत पडलेला, माझ्या बाजूला. मी ठोकून दिलं, हातांची फुली. किलकॉरन हरलं. चेंडू मी पाहिलाच नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही, फर्गललासुद्धा नाही. वर्षभर किलकॉरनची माणसं म्हणत राहिली की चेंडू आत होता, आणि वर्षभर मी तोंड वर करून म्हणत राहिले की बाहेर होता. स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की माझा आवाज जास्तच चढायचा.

यंदा किलकॉरन फायनलला आलं आणि रेफरी म्हणून नेमका फर्गल. घरी बसले असते तर लोक म्हणाले असते, घाबरली. ते म्हणोत बापडे. पण मला तो खांब पुन्हा हवा होता. या वेळी एकही चेंडू नजरेतून सुटू द्यायचा नाही, एवढंच मनाशी धरून मी निघाले होते.

क्रॉघवेलच्या पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. रांगेत किलकॉरनचा एक जाड्या उभा होता. चष्मा आणलास का, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. आणलाय, मी म्हटलं, म्हणून तर तुझं थोबाड इतकं स्पष्ट दिसतंय. रांग हसली. फर्गलला हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, तू त्यांच्या बाजूने झुकलीस तर लोक म्हणतील भरपाई करतेय, आणि विरुद्ध गेलीस तर म्हणतील खुन्नस काढतेय. मी म्हटलं, मग झुकायचंच कशाला? मागच्या सीटवर आमचा चुलतभाऊ मॅलकी हॅम सँडविच खात होता. माझ्याच गोलाचा दुसरा खांब त्याचा. तो म्हणाला, मला यात ओढू नका.

लॉखरेचं मैदान खच्चून भरलं होतं. मी खांबाला पाठ लावून उभी राहिले आणि तासभर पापणी लवू दिली नाही म्हणा ना. मागून शिव्या येत होत्या, काही तर चांगल्या कल्पक होत्या. गोलकीपर काही विचारू लागला, त्याला सांगितलं, माझ्याशी बोलू नकोस.

वेळ संपत आली. किलकॉरन पुन्हा एका पॉइंटने मागे. कडेच्या रेषेजवळ चेंडू कोलमनच्या हातात आला आणि त्याने वळता वळता हाणला. मी तो काठीवरून सुटल्यापासून पाहिला. उंच गेला, वाऱ्याने थोडा वळला आणि खांबाच्या बाहेरून, वीतभर बाहेरून गेला. पलीकडे मॅलकीचा हात पांढऱ्या झेंड्याकडे गेला होता. मी डोक्यावर फुली केली.

मैदान पेटलं. फर्गल धावत आला. चेहरा पांढराफटक.

"मॅलकी म्हणतोय आत होता," तो दबक्या आवाजात म्हणाला. "डिम्पना, देऊन टाक. बरोबरी होईल, पुन्हा मॅच होईल, कुणाचं काही जात नाही."

"बाहेर गेला."

"नक्की?"

"फर्गल, या वेळी मी पाहिलाय."

'या वेळी' हे दोन शब्द त्याने बरोबर पकडले, लहानपणापासून ओळखतो मला. वळला आणि बाहेर म्हणून खूण केली. मिनिटभराने शिट्टी वाजली. किलकॉरन हरलं.

मी झेंडे गुंडाळत होते तेव्हा कोलमन चालत आला, काठी हातात. फर्गल मध्ये आला, त्याला मी बाजूला केलं.

"आजचा बाहेर होता," कोलमन म्हणाला. "काठीवरून सुटतानाच कळलं मला. मागच्या वर्षीचं सांगा."

लोक जमले होते. फर्गल मानेने नको नको म्हणत होता.

"मागच्या वर्षीचा मी पाहिलाच नाही," मी म्हटलं. "अंदाजाने हात केले, आणि वर्षभर खोटं बोलले."

मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही.

"माझा बाप त्याच गोलामागे उभा होता. आत होता म्हणाला. मी म्हटलं, खांबापाशी उभी असलेली बाई सांगतेय, तुला काय जास्त कळतं? चार लोकांत म्हटलं. त्यावरून आमचं जे वाजलं ते मिटलंच नाही. फेब्रुवारीत गेला तो."

त्याचा बाप फेस्टी हायन्स गेल्याचं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ज्याला म्हणायचं तो तर राहिलाच नव्हता.

"तुझी आई आलीय?" मी विचारलं.

त्याने काठीने दाखवलं. नोनी हायन्स फाटकापाशी निळा कोट घालून उभी होती, एकटीच. फर्गल म्हणाला, आज नको, आणि जायचंच असेल तर अंगातला तो कोट तरी काढ. मी कोट काढला नाही. किलकॉरनच्या गर्दीतून सरळ चालत गेले. कुणी काय काय बोललं, एकाने खांदाही मारला. नोनी मला येताना बघत होती, जागची हलली नाही.

"नोनी," मी म्हटलं, "फेस्टी म्हणत होता ते खरं की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण तुझ्या घरात बापलेकांत भांडण लागलं ते माझ्या खोटेपणामुळे."